मृतसाठा

आमच्या टेंभुर्णीत गॅरेज म्हणजे हायवेच्या कडेची ग्रीसने काळी झालेली जागा. तिथे जॅकवर चढवलेल्या ट्रकखाली मिस्त्री झोपलेला असतो आणि बाहेर फक्त त्याची पावलं दिसतात. त्यामुळे मे महिन्यातल्या एका सकाळी चहा पिता पिता मी "या सुट्टीत गॅरेजचं काम काढतोय" असं जाहीर केलं, तेव्हा बायकोने बशी खाली ठेवली आणि काळजीने विचारलं, "का हो, शाळेत काही झालं का?"

गॅरेज म्हणजे आपलं शेड, हे तिला पटवण्यात चहा निवला. २०१३ साली गाडी घेतली तेव्हा घराला चिकटून ते बांधलं. आतून नऊ फूट रुंद, अठरा फूट लांब, वर पत्रा, पुढे शटर. गाडी त्यात अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ज्वारीचे दोन कट्टे "दोन दिवसांसाठी" आत टेकवले आणि गाडी तेवढ्यापुरती बाहेर लिंबाखाली लावली. त्या दोन दिवसांना २०२४ च्या मे महिन्यात अकरा वर्षं झाली होती. गाडीचा मूळ रंग राखाडी. लिंबावरच्या पाखरांना तो मान्य नाही.

शेडमध्ये काय काय आहे हे घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. शटर उचलायचं, हातातलं आत ढकलायचं, आणि काही घरंगळून बाहेर यायच्या आत शटर खाली ओढायचं, अशी रीत. ओढताना आतून जो आवाज यायचा त्यावरून आई ओसरीत बसल्या बसल्या सांगायची, "घंगाळ पडलं." कधी म्हणायची, "ह्यो आवाज नवा हाय."

त्या उन्हाळ्यात गावात दुसरा विषयच नव्हता. आमच्याकडे रामराम झाला की तब्येत विचारत नाहीत, "उजनी किती?" म्हणून विचारतात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हा हिशोब काही केल्या उमगत नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. पोटात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. पण त्यातलं जवळपास ६४ टीएमसी हा मृतसाठा. ठरलेल्या पातळीच्या खालचं ते पाणी हिशोबात धरायचंच नाही. धरायचं ते वरचं, साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपासचं. टक्केवारी त्याचीच. ते संपलं की धरण शून्यावर, आणि तिथून पुढे उणे. म्हणजे भीमानगरला उभं राहिलं की नजर पुरत नाही एवढं पाणी समोर हलतंय आणि पेपरात छापून येतंय, 'उजनी उणे ४०'. त्या साली जूनच्या सुरुवातीला ते उणे ५९ च्याही खाली उतरलं. आणि गंमत अशी, की कागदावर मेलेल्या त्याच पाण्यावर सोलापूर शहर आंघोळ करत होतं.

शेडचं शटर पूर्ण वर केलं आणि मला पहिल्यांदा हा हिशोब आतून कळला. आमच्याकडे उपयुक्त साठा म्हणजे एक शिडी, ज्वारी, आणि शिडीवर वाळत घातलेला पंचा. बाकी सगळा मृत. ठिबकच्या नळ्यांची तीन भेंडोळी, उन्हाने तडकलेली. जळालेली पाच एचपीची मोटार, तिचा जळालेला स्टार्टर, आणि त्या स्टार्टरमधली जळालेली कॉइल वेगळी, कागदात गुंडाळून, वर अण्णांच्या अक्षरात 'जळालेली' असं लिहिलेली. बैल विकून वीस वर्षं झाली, तरी कुळव आहे, तिफण आहे, तिफणीचं चाडं आहे, घुंगरमाळा आहेत. पाठीवरचे फवारणी पंप चार, प्रत्येकाचा वेगळा भाग नाहीसा झालेला, म्हणजे चारांत मिळून एक आख्खा पंप होईल या आशेवर चारही ठेवलेले. मागचं चाक नसलेली लुना. लग्नात आलेली भिंतीवरची सात घड्याळं.

हे सगळं अण्णांचं आणि आईचं, असा माझा समज होता. पण सर्वांत खालचा आणि सर्वांत जाड थर माझा स्वतःचा निघाला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. विज्ञान प्रदर्शन संपलं की मुलं बक्षीस घेऊन घरी जातात आणि प्रतिकृती सरांकडे राहते. सव्वीस वर्षांत माझ्याकडे थर्माकोलचे अकरा ज्वालामुखी जमले होते. उजनी धरणाच्या प्रतिकृती पाच. त्यातली एक उंदरांनी पोखरलेली, त्यामुळे तिचाही मृतसाठाच उरला होता.

मुलगी पुण्याला असते. तिने फोनवर विचारलं, "पप्पा, शेड किती?"

"उणे चाळीस," मी म्हणालो. तेव्हापासून तो आकडा घरात रूढ झाला.

शेजारचा पोरगा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. कधीकाळी माझ्याच वर्गात होता. तो गेटवरून आत डोकावला आणि वर्गात मी त्याच्याकडे बघायचो तसा माझ्याकडे बघत म्हणाला, "सर, याला फाइव्ह एसच लागतंय." मग त्याने मला लिंबाखाली उभं करून तास घेतला. जपानी कारखान्यांतली पद्धत. पाच शब्द: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते वेगळं काढा, हवं ते जागेवर लावा, झाडून पुसून घ्या, त्याचा नियम बांधा, आणि नियम पाळायची शिस्त लावून घ्या. मी पाठ म्हणून दाखवले. तिसरा चुकला.

"सगळ्यात आधी रेड टॅग, सर. जी वस्तू लागेल की नाही याची शंका आहे तिला लाल चिठ्ठी बांधायची. महिनाभर बाजूला ठेवायची. महिन्यात कुणी मागितली नाही तर बाहेर."

ही युक्ती मला फार आवडली, कारण तिच्यात आज काहीच टाकून द्यायचं नव्हतं. स्नेहसंमेलनाची उरलेली लाल साटीनची फीत घरात होतीच. दोन दिवस मी कात्री घेऊन बसलो आणि फिती बांधल्या. लुनाच्या हँडलला, मोटारीला, तिफणीला, चारही पंपांना, सातही घड्याळांना. अण्णा समोर बाजेवर बसून बघत होते. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. माणूस कमी बोलतो. सगळ्या फिती बांधून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मिरवणूक कधीय?"

मग मी सामान आणायला निघालो. कारण नुसतं निवडून भागत नाही, दुसरा एस लावण्याचा. त्याला मांडणी लागते. तयार रॅक घ्यावं असं बायकोचं म्हणणं होतं. पण मी फिटरचा मुलगा. घरात पाना हरवला तर शोधायला मला सांगतात, वापरायला कधीच नाही, हे शल्य पन्नाशी ओलांडली तरी जात नाही. मी भोकाभोकांचे लोखंडी अँगल घेतले, एकेचाळीस किलो. बारा एमएमचे प्लायवूडचे दोन ताव घेतले, आठ बाय चारचे. ड्रिल मशीन भाड्याने आणलं. दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री कोण आहे?" मी म्हणालो, "मीच." त्याने डिपॉझिट वाढवून घेतलं.

ड्रिलचा भाग मी थोडक्यात सांगतो. पहिला बेत फळ्या भिंतीलाच ब्रॅकेटवर बसवण्याचा होता. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत चार इंची आहे. माझ्याकडचं बिट सहा इंची होतं. ही वजाबाकी मी केली नव्हती. भोक फार पटकन पडलं, मशीन एकदम हलकं झालं, आणि पलीकडून बायकोचा शांत आवाज आला, "अहो, इकडं आलं बरं का तुमचं." ती जागा मसाल्याच्या फळीच्या बरोबर वर, दत्ताच्या कॅलेंडरच्या डाव्या बाजूला. आता कॅलेंडर तेवढं डावीकडे सरकवलं आहे.

तेव्हा भिंत सोडून जमिनीवर उभी मांडणी करायचं ठरलं. त्याला नट-बोल्ट जास्त लागणार. "बोल्ट कुर्डुवाडीतनं आण," अण्णा म्हणाले. टेंभुर्णीत बोल्ट मिळत नाहीत असं नाही, पण अण्णांचा जगातल्या कोणत्याही बोल्टावर विश्वास कुर्डुवाडीतनं आला तरच बसतो. वीसएक किलोमीटर जायचं, यायचं. मी अँगल ओसरीला टेकवून ठेवले आणि निघालो.

परत आलो तर ओसरी मोकळी.

"भंगारवाला येऊन गेला," आई आनंदाने म्हणाली. "तू म्हनत हुतास न्हवं, नको ती द्यायचंय. दिलं. बिनफितीचं सगळं दिलं."

मी मटकन खाली बसलो. माझ्या हिशोबात लाल फीत म्हणजे बाहेर जायचं सामान. आईच्या हिशोबात लाल रंगाचं काही बांधलं म्हणजे त्याला हात लावायचा नाही. तिने आयुष्यभर औताला, बैलाच्या शिंगाला, नव्या गाडीला, नातवंडांच्या मनगटाला लाल बांधलं ते सांभाळण्यासाठीच. पोराने दोन दिवस बसून एवढ्या मायेने फिती बांधल्या म्हटल्यावर तिने त्या सगळ्या वस्तू आतल्या बाजूला नीट लावून ठेवल्या होत्या आणि ज्यांना मी विसरलो होतो त्या निर्दयपणे काढून टाकल्या होत्या. त्यांत एकेचाळीस किलो नवेकोरे अँगल होते.

"बत्तीस रुपय किलोनं घातलं. तेराशे बारा झालं. बारा त्याला चहाला सोडलं," असं म्हणून तिने पदराच्या गाठीतून तेराशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. अँगल मी एकेचाळीसशेला आणले होते. बायको दारात उभी होती. हसली नाही, हे मी तिच्या खात्यावर कायमचं जमा धरलं आहे.

बोल्ट मात्र होते. कुर्डुवाडीचे, चांगले.

आता माणूस इथे थांबतो. पण सुट्टीचे तीन आठवडे उरले होते, प्लायवूड आणलं होतं, आणि गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. मी लाकडाकडे वळलो. लाकूड शोधताना शेडच्या अगदी मागच्या भिंतीला, नळ्यांच्या भेंडोळ्यांमागे, मला ते दार सापडलं. सापडलं म्हणजे होतंच. लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या भिंतीला ते टेकून उभं असलेलं मी पाहत आलो. दुपाखी, सागवानी, अंगठ्याएवढ्या जाडीचं, पितळी कड्या काढून घेतलेलं. एकेक पाख उभं कापलं असतं तर चार सुरेख फळ्या झाल्या असत्या. मी पट्टी लावली, पेन्सिलीने रेघ मारली.

आई मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"ती न्हाय," ती म्हणाली.

"आई, ह्याला फीत पण नाही."

ते दार तिच्या माहेरच्या माळवदाचं. पाच खणांचं माळवद, भीमेच्या काठाला. आता तिथे यशवंतसागर आहे, म्हणजे उजनीचं पाणी. पाणी चढायला लागलं तेव्हा माणसांनी तुळया काढल्या, खांब काढले, जे निघालं ते गाडीत घातलं. माती आणि दगड तसेच राहिले. वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी तुळया घेतल्या, हिला दार आलं. ते लावायला घर नव्हतं, म्हणून टेकवून ठेवलं. पळसदेवाचं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडलं की लोक मोटारी घेऊन बघायला जातात, फोटो काढतात. आईला मी एकदा विचारलं होतं, जायचं का? म्हणाली, "आमचं काय दिसतंय त्यातनं?" पुन्हा विचारलं नाही.

मी खोडरबर आणून पेन्सिलीची रेघ पुसली. नीट पुसली गेली नाही. अजून आहे.

लाकूड मग एमआयडीसीतून आलं. यंत्रं ज्या लाकडी पॅलेटवर येतात ती तिथे मोडून विकतात. त्यावर 'एचटी' असा शिक्का असतो, म्हणजे कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना अर्धा तास तापवलेलं. मे महिन्यात टेंभुर्णीच्या स्टँडवर दुपारी एसटीची वाट पाहणाऱ्या माणसालाही असा शिक्का मारायला हरकत नाही. पॅलेटमधून लाकूड कमी आणि खिळे जास्त निघतात. चार दिवस मी खिळे उपटले. उपटलेले खिळे आईने डब्यात भरून ठेवले, कारण खिळे कधीही लागतात.

मांडणीचा आराखडा असा होता: शेडच्या दोन्ही बाजूंना एकेक घोडा, आठ फूट लांब, दीड फूट खोल, प्रत्येकाला दोन कप्पे. प्लायवूडच्या पट्ट्या आख्ख्या, आठ फुटी. आधार फक्त दोन टोकांना, मध्ये काही नाही, म्हणजे खाली टिपाडं सरकवता येतील.

"मधी टेकू दे," अण्णा बाजेवरून म्हणाले.

आता माझं ऐका. हा माणूस सगळी नोकरी ज्या रेल्वेवर करत होता तिचं सगळं शास्त्रच मुळी या एका वाक्यात आहे. बार्शी लाईट. १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. रूळ अडीच फुटी, आणि तेही हलके. त्यांच्यावरून जड माल न्यायचा कसा? त्याने ठरवलं, इंजिन असो की मालडबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त ओझं येऊ द्यायचं नाही. ओझं वाढलं तर आस वाढवा, चाकं वाढवा, वाटून द्या. एवढ्या एका हिशोबावर ती गाडी आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांसकट शंभरावर वर्षं धावली. अण्णांनी ते आस हाताने बसवले. आणि मी त्यांना म्हणालो, "अण्णा, हे लाकूड आहे, रेल्वे नाही."

ते गप्प बसले. रेल्वेत वरिष्ठांचं ऐकायची सवय असते.

शाळेत मी काय शिकवतो ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. फळीची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच ओझ्याने तिला पडणारी झोळ दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे मध्ये एकच टेकू द्यावा, झोळ कुठल्या कुठे जाते. चार पट्ट्यांचा चौकोन टोकाला खिळे मारून बनवला तर तो बाजूने ढकलताच कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून चौकोनात तिरकी पट्टी मारायची. जड वस्तू खाली ठेवायची, गुरुत्वमध्य खाली राहतो. यातलं तिसरं तर मी एसटीच्या टपावरच्या गाठोड्यांचं उदाहरण देऊन सव्वीस वर्षं शिकवलं आहे, आणि एकही मूल नापास होत नाही.

मी टेकू दिला नाही, तिरकी पट्टी मारली नाही, आणि मोटार वरच्या कप्प्यात ठेवली. खाली टिपाडं होती ना.

पण दोन्ही घोडे उभे राहिले तेव्हा शेड खरोखर बघण्यासारखं झालं होतं. खाली ज्वारीचे कट्टे, वर पंप ओळीने, घड्याळं ओळीने, सगळ्यांना लाल फिती. उरलेल्या डिस्टेंपरची वीस लिटरची बादली. मध्ये मोकळी, झाडलेली फरशी. फळ्या किंचित हसत होत्या एवढंच. शेजारचा पोरगा येऊन फोटो काढून गेला. म्हणाला, "सर, कंपनीत दाखवतो." मुलीला मी फोनवर सांगितलं, "अधिक दहा."

संध्याकाळी गाडी आत घ्यायची ठरली. आईने शटरपाशी लिंबू ठेवलं.

नऊ फुटांतून दोन बाजूंचे दीड-दीड फूट गेले, उरले सहा. गाडी साडेपाच फुटांच्या वर, आरसे सोडून. हीसुद्धा वजाबाकीच होती. आरसे मिटवून मी गाडी इंचाइंचाने आत घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. अकरा वर्षांनी गाडी घरात आली होती. मी दार उघडलं. ते दोन बोटं उघडलं आणि घोड्याच्या खांबाला टेकलं. पलीकडचं उघडून पाहिलं. तेही दोन बोटं. काचा खाली केल्या. एका बाजूच्या खिडकीतून फवारणी पंप दिसत होता, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून चौथीच्या मुलाने रंगवलेला ज्वालामुखी. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मी हॉर्न वाजवला.

आई आली. "कोन आलंय?"

"मीच आहे, आई."

"मग ये की आत."

बायको आली, तिने परिस्थिती पाहिली आणि पाण्याचा तांब्या काचेतून आत दिला. सगळ्यात शेवटी अण्णा आले. त्यांनी दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं, अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणाले, "आलास तसा जा."

मी रिव्हर्स टाकला. मागे बघायला आरसे उघडे असावेत, या सवयीने मी काचेतून हात काढून डाव्या बाजूचा आरसा... नव्हे, माझा हात तिकडे पोहोचतच नाही, मी बटण दाबलं. दोन्ही आरसे एकदम, मोठ्या ऐटीत उघडले. डावा खांबाच्या पलीकडे जाऊन अडकला. आणि गाडी मागे निघाली.

घोडा कोसळला असं मला म्हणता येणार नाही. तो कलला. भूमितीच्या पुस्तकातला आयत समांतरभुज चौकोन होतो तसा, कोन हळूहळू बदलत, कुठलीही घाई न करता. नव्वद अंश, ऐंशी, साठ. मला फळ्यावर हे इतकं स्पष्ट कधी दाखवता आलं नव्हतं. मग मोटार निघाली. तिने वाटेत पंप घेतले, पंपांनी घड्याळं घेतली, आणि मोटार बॉनेटवर बसली. बादलीचं झाकण निघालं. आतला डिस्टेंपर आकाशी होता. समोरची काच आकाशी झाली, आणि त्या निळ्या अंधारात मी वायपर लावला. तो का लावला, हे घरातले अजून विचारतात.

कॅलथ्रॉप साहेबाने रेल्वेनंतर काय केलं हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्याने पॅराशूट बनवलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 'गार्डियन एंजल' नावाचं. ओझं वाटून देण्यात हयात घालवलेल्या माणसाने पुढे वरून पडणाऱ्या माणसाची सोय पाहिली. निळ्या गाडीत बसून मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

आवाज थांबल्यावर पूर्ण शांतता पसरली, आणि त्या शांततेत कुठेतरी टिकटिक सुरू झाली. सातांतलं एक घड्याळ पडल्यामुळे चालू झालं होतं. "बघ," आई म्हणाली, "टाकाय निघाला हुतास."

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी उजव्या बाजूच्या, अजून उभ्या असलेल्या घोड्याकडे पाहिलं. मग आत जाऊन कुळवाचं जुनं जू आणलं, वरच्या फळीच्या बरोबर मधोमध खालून उभं ठोकलं, फळीची झोळ वर उचलली गेली, आणि ते हात झटकत बाजेवर जाऊन बसले. जुवाला लाल फीत होती.

मोडलेलं सामान दुसऱ्या दिवशी भाड्याच्या टेम्पोत घालून मी स्वतःच भंगारच्या दुकानात नेलं. ते वजन होईपर्यंत आत गेलो. तिथे मागच्या भिंतीला एक रॅक उभा होता. चार कप्पे, जागच्या जागी, ओळंब्यात. मागून दोन तिरक्या पट्ट्या, फुलीसारख्या. प्रत्येक कप्प्याला मध्ये आधार. खालच्या कप्प्यात जळालेल्या मोटारी, वर तांब्याची तार, सगळ्यात वर हलके डबे. अँगल नवेकोरे होते. एका अँगलला माझ्या दुकानदाराची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"कुणी जोडला?" मी विचारलं.

"मीच. एका आजीनं माल दिला, लई चांगला निघाला. मागनं क्रॉस मारल्याशिवाय डुलतंय बघा हे," तो म्हणाला. "तुम्ही सर ना? माझा पोरगा तुमच्याच वर्गात होता. तुम्हीच शिकवलं होतं की त्याला त्रिकोणाचं. त्यानं सांगितलं."

मी विचारलं, विकणार का? त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, शर्टावरचे आकाशी ठिपके पाहिले आणि साडेतीन हजार सांगितले, जोडणावळीसकट. घासाघीस करण्याची माझी अवस्था नव्हती. टेम्पो रिकामा परत जाणारच होता.

ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्क्यांच्या वर गेली, भीमेत पाणी सोडलं, पंढरपूरला घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. गाडी लिंबाखाली आहे. बॉनेटचा पत्रा ठोकून घेतला, आकाशी डाग अजून पुरते गेलेले नाहीत, पण पाखरं आपल्या परीने झाकत आहेत. मुलगी फोनवर विचारते, "पप्पा, शेड किती?" मी विषय बदलतो.

रॅक शेडमध्ये बसला नाही. शटरची उंची सात फूट आहे आणि रॅक सव्वासात. बाहेर ओसरीला टेकवून ठेवला आहे, दोन दिवसांसाठी. काल शाळेतून आलो तर आईने त्याला लाल फीत बांधलेली होती.